वारसा माथ्यावर, वाट वाऱ्यावर

साल्हेर जागतिक झाला. पायथ्याचे वाघांबे होते तिथेच आहे. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या बैठकीत युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातले बारा किल्ले आपल्या यादीत घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. नाशिक जिल्ह्याच्या वाट्याला आलेला एकमेव किल्ला म्हणजे बागलाणातला साल्हेर. उंची १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला, शिखरांत कळसूबाईच्या खालोखाल. नाशिककरांना याचा आनंद झाला आणि तो रास्तच होता. पण यादीत गेला तो किल्ला. वाघांबेहून साल्हेर आणि सालोट्यामधल्या खिंडीत चढणारी, माथ्यावरून साल्हेरवाडीत उतरणारी आणि पुढे मुल्हेर, मोरा, हरगड अशी डोंगरधारेला धरून जाणारी वाट कुठल्याच यादीत नाही. ती ना पुरातत्त्व खात्याची, ना पर्यटन खात्याची. वनखात्याच्या नकाशावर असलीच तर बारीक तुटक रेघ म्हणून असेल.

हा मुद्दा आज काढण्याचे कारण थोडे दूरचे आहे. गेली काही वर्षे आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींच्या बोलण्यात पेरू देशातल्या माचू पिचूचे नाव वरचेवर येते. पर्यटन कंपन्यांच्या दक्षिण अमेरिकेच्या सहलींत ते ठिकाण असतेच, पण या मंडळींना गाडीतून उतरून फोटो काढायचा नसतो. त्यांना 'इंका ट्रेल' चालायचा असतो. कुझकोहून निघालेल्या रेल्वेच्या ८२व्या किलोमीटरच्या दगडापासून तो सुरू होतो. अंतर सुमारे ४३ किलोमीटर, मुक्काम तीन, वाटेत ४२०० मीटरवरची एक खिंड. अडीच कळसूबाई एकीवर एक रचल्या तर जेवढी उंची होईल जवळपास तेवढी. चौथ्या दिवशी पहाटे सूर्यद्वार नावाच्या दगडी चौकटीतून खाली पाहिले की धुक्यातून वर येणारे पंधराव्या शतकातले नगर दिसते. तिथे पोचलेला माणूस घरी परतल्यावर पहिले काही महिने दुसरे काही बोलत नाही, असा आमचा अनुभव आहे. त्याला बोलू द्यावे. मात्र तो जे सांगतो त्यात अवशेषांचे वर्णन थोडे आणि वाटेचे फार असते, हे लक्ष देऊन ऐकणाऱ्याच्या ध्यानात येईल.

त्याच नगराकडे जाण्याचा आणखी एक प्रकार आहे. अब्रा मालागा या ४३०० मीटर उंचीच्या घाटातून सायकलवर सुसाट उतरायचे, सांता मारियाजवळ नदीत राफ्टिंग करायचे, सांता तेरेसाला तारेला लटकून दरी ओलांडायची आणि शेवटी रेल्वेच्या रुळांकडेने चालत पायथ्याचे गाव गाठायचे. चार दिवसांत चार खेळ. 'जंगल ट्रेक' म्हणून तो ओळखला जातो. मूळ इंका वाटेला लागणारा परवाना त्याला लागत नाही. मूळ वाटेचे परवाने कित्येक महिने आधी संपतात, शिवाय ती वाट महाग आहे. म्हणून हा दुसरा प्रकार फोफावला. म्हणजे साहसी खेळांची ही जत्रा शिस्त लागलेल्या वाटेच्या कुंपणाबाहेर भरली. त्यात वाईट काही नाही, तरुणांनी सायकल मारावी, पाण्यात पडावे. आपण फक्त क्रम पाहावा. तिथे आधी वाटेला शिस्त लागली आणि मग खेळ आले. आपल्याकडे सह्याद्रीत दोर, झिपलाइन, तंबूंची रांग आधी आली आहे आणि वाटेचा विचार अजून व्हायचा आहे.

ही शिस्त तिथे फार जुनी नाही. २००१ पर्यंत इंका वाटेवर कुणीही उठून जाऊ शकत होता. तंबू ठोकायचा कुठे, शौचाला जायचे कुठे, कचरा टाकायचा कुठे, याचा काही धरबंध नव्हता. मग नियम आले. दिवसाला ५०० माणसे, आणि या पाचशेंत मार्गदर्शक, स्वयंपाकी, हमाल सगळे धरलेले. त्यामुळे प्रत्यक्ष पर्यटक दोनशेच्या आसपास. एकट्याने जाता येत नाही, नोंदणी झालेल्या संस्थेबरोबरच जावे लागते. फेब्रुवारी महिना वाट बंद. तो तिथला भर पावसाचा महिना. त्या काळात दुरुस्ती होते आणि जमिनीलाही श्वास घेता येतो. हमालांसाठी वेगळा कायदा झाला: पाठीवरचे ओझे २० किलोपेक्षा जास्त नको. तपासणी नाक्यावर काटा असतो आणि त्यावर ओझे खरोखर तोलले जाते. पर्यटकाच्या सुरक्षिततेचे नियम जगात सगळीकडे होतात. पर्यटकाचे सामान वाहणाऱ्याच्या पाठीचा विचार करणारा नियम विरळा. आम्हाला त्या साऱ्या व्यवस्थेतला हा काटाच सर्वांत मोलाचा वाटतो.

तिथे सगळे गोडीगुलाबीने चालले आहे असे मात्र नाही. कायदा असूनही मजुरी बुडवली जाते अशा हमालांच्या तक्रारी येत राहिल्या. खुद्द माचू पिचूवर रोज हजारो माणसे चढतात. जानेवारी २०२४ मध्ये तिकीटविक्री एका खासगी कंपनीकडे सोपवण्याच्या निर्णयाविरुद्ध पायथ्याच्या गावाने बंद पुकारला, रेल्वे अडवली, पर्यटक अडकून पडले. डोंगर आमचा आणि गल्ला दुसऱ्याचा, ही तक्रार कुठल्याही भाषेत सांगितली तरी आपल्या आदिवासी पाड्यांना लगेच समजेल.

तिथून घेण्यासारखी खरी गोष्ट वेगळी आहे. माचू पिचू १९८३ मध्ये वारसा यादीत आले. त्यानंतर तीन दशकांनी, २०१४ मध्ये, 'कापाक न्यान' या इंकांच्या रस्त्यांच्या जाळ्याला स्वतंत्रपणे वारसा म्हणून मान्यता मिळाली. कोलंबियापासून चिली-अर्जेंटिनापर्यंत सहा देशांत पसरलेले हे जाळे सुमारे ३० हजार किलोमीटरचे. या लोकांकडे गाडीचे चाक नव्हते, घोडा नव्हता, लोखंड नव्हते. पायांनी राज्य चालवायचे होते. म्हणून दर थोड्या अंतरावर 'तांबो' म्हणजे मुक्कामाची व कोठाराची जागा आणि निरोप घेऊन टप्प्याटप्प्याने धावणारे 'चास्की'. आपल्या इतिहासात जासूद-हरकारे आहेत, चौक्या आहेत, घाटातली जकातनाकी आहेत. वाचकाला जुळवाजुळव करून घ्यायला फार सांगावे लागणार नाही. सहा देशांनी एकत्र बसून ठरवले की रस्ता हासुद्धा स्मारक असतो. आपण बारा ठिपके नोंदवले आहेत. ठिपक्यांमधली रेघ राहून गेली.

आणि बागलाणात तर सगळी कथा रेघेचीच आहे. इथल्या डोंगररांगेचे नावच पाहा: सेलबारी-डोलबारी. बारी म्हणजे खिंड. रांगेला शिखराचे नाव देण्याऐवजी इथल्या माणसांनी खिंडीचे नाव दिले, कारण त्यांच्या कामाची ती होती. सुरतेच्या बंदरातून बऱ्हाणपूरकडे जाणारा माल याच मुलखातून जाई. मुल्हेरला बागूल राजांची गादी होती ती या वाटेच्या जोरावर. १६३८ मध्ये शाहजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना मोगलांनी बागलाण घेतले, तेव्हा त्यांनाही नुसते डोंगर नको होते. ऑक्टोबर १६७०च्या पहिल्या आठवड्यात शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली आणि परतीला बागलाणचाच रस्ता धरला. मुल्हेरच्या बाजूने येऊन सातमाळा रांगेत कांचना-मांचना किल्ल्यांजवळची खिंड गाठली. बऱ्हाणपूरकडून मोगल सरदार दाऊदखान कुरेशी चांदवडला येऊन ठेपला होता. १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीची लढाई झाली. मराठे लढले आणि खजिना सुखरूप पुढे गेला. पुढच्याच वर्षी साल्हेर स्वराज्यात आला आणि १६७२च्या आरंभी त्याच्या पायथ्याला मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर यांनी इखलासखान आणि बहलोलखानाच्या मोगल फौजेचा उघड्या मैदानात पराभव केला. सूर्याजी काकडे तिथे पडले. सुरत ते दिंडोरी हा पंधरवड्याचा प्रवास डोळ्यांपुढे आणला, की साल्हेर हा सुटा किल्ला राहत नाही. एका चालत्या वाटेवरचा तो पहारेकरी ठरतो. त्या वाटेचा नाशिक जिल्ह्यातला भाग आजही बऱ्याच अंशी पायी जाता येण्यासारखा आहे. पेरूच्या विमानाचे तिकीट काढणाऱ्या किती जणांना हे शाळेत कुणी सांगितले असेल?

वाटेचे महत्त्व आपल्यापेक्षा इंग्रजांना अधिक कळले होते, असे खेदाने म्हणावे लागते. १८१८ मध्ये नाशिकच्या डोंगरातले किल्ले त्यांच्या हाती पडले. ज्या मुलखात पन्नासहून अधिक किल्ले आहेत, तिथे प्रत्येकावर शिबंदी ठेवणे परवडणारे नव्हते. तट पाडत बसायलाही वेळ नव्हता. मग त्यांनी अनेक ठिकाणी कातळात खोदलेल्या पायऱ्यांना सुरुंग लावले. पायऱ्या गेल्या की वरचे पाणी, वरची कोठारे, वरचा बुरूज सगळे निरुपयोगी. किल्ला मारायचा तर त्याची वाट तोडायची, हे साधे गणित. चांदवडजवळच्या राजदेहेरच्या पायऱ्या गेल्या. नाशिक-अहिल्यानगरच्या हद्दीवरच्या अलंग आणि मदन या जोडीवर आज दोर लावल्याशिवाय जाता येत नाही, ते वाटेचा मधला टप्पा असा तुटल्यामुळे. गंमत अशी, की त्याच तुटलेल्या टप्प्यावर आज आपण हेल्मेट घालून, कमरेला हार्नेस बांधून, शुल्क भरून चढतो आणि त्याला साहसी खेळ म्हणतो. तो खेळ जरूर खेळावा. तो एका जखमेवर खेळला जातो एवढे चढताना आठवले तरी पुरे. त्र्यंबकजवळच्या हरिहरच्या पायऱ्या वाचल्या. जवळजवळ उभ्या कड्यात कोरलेल्या, हात धरायला खोबण्या असलेल्या त्या पायऱ्या ज्या सुरुंगातून सुटल्या, त्यांच्यावर आता दुसरे संकट आहे. पावसाळ्यातल्या रविवारी वर जाणारे आणि खाली येणारे त्याच एका माणसाच्या रुंदीत अडकून बसलेले आपण सर्वांनी मोबाइलवर पाहिले आहेत. वनखात्याने अधूनमधून बंदी घालायची आणि बंदी उठली की पुन्हा तीच कोंडी, असा क्रम चालू आहे.

त्र्यंबकच्याच बाजूला ब्रह्मगिरी-अंजनेरी रोपवेचा आणि अंजनेरीवर रस्ता नेण्याचा प्रस्ताव येऊन गेला आहे. दोन्हींना निसर्गप्रेमींनी विरोध केला. अंजनेरीवर गिधाडांची घरटी आहेत आणि 'सेरोपेजिया अंजनेरिका' ही वनस्पती तर नावापासूनच त्या डोंगराची. रोपवे सरसकट वाईट म्हणता येत नाही. सप्तशृंगगडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली चालते आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला देवीचे दर्शन घडते, याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण तीर्थाचा न्याय किल्ल्याला लावता येत नाही. देवीकडे माणूस मूर्तीसाठी जातो. किल्ला हा चढण्यातच कळतो. दम कुठे लागतो, वळणावर शत्रू कुठून दिसला असता, देवडीआधी जागा एवढी अरुंद का ठेवली, हे पायांना समजते. वर सोडलेल्या पाळण्यातून उतरलेल्या माणसाला साल्हेर म्हणजे वारा लागणारे एक मैदान वाटेल.

अनेक दिवसांची पायी वाट ही आपल्याला परदेशातून आणायची वस्तू नाही, हेही इथेच सांगून टाकू. नाशिक जिल्हा तर चालणाऱ्यांचाच. त्र्यंबकेश्वरहून संत निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते ती सुमारे साडेचारशे किलोमीटर चालून पोचते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीला फेरी घालणारे रात्रीच निघतात. चैत्रात खानदेशातून सप्तशृंगीला पायी येणाऱ्यांच्या रांगा लागतात, कोजागरीला नद्यांचे पाणी भरलेल्या कावडी येतात. बागलाण-कळवण भागातल्या आदिवासींचा डोंगऱ्यादेव तर याहून जुना वाटतो. मार्गशीर्षात व्रत धरलेले माऊली पावरीच्या सुरावर गावोगाव नाचत फिरतात आणि पौर्णिमेच्या सुमारास डोंगरातल्या आपल्या देवस्थानी रात्र काढतात. यातल्या प्रत्येक वाटेला शिस्त आहे. दिंडीला क्रमांक असतो, चोपदार असतो, मुक्काम वर्षानुवर्षे ठरलेले असतात, कुठल्या गावात सकाळचे जेवण आणि कुठे रात्रीचे हे पिढ्यांनी ठरवलेले असते. रांग मोडून कुणी पुढे पळत नाही. म्हणजे वाटेवर संख्या, मुक्काम आणि मान हे तिन्ही कसे सांभाळायचे, हे आपल्याला ठाऊक आहे. हीच माणसे शनिवारी रात्री बसने किल्ल्याला निघाली की ते विसरतात.

आता प्रत्यक्ष काय करता येईल याकडे वळू. नाशिकच्या ट्रेकर मंडळींत 'रेंज ट्रेक' असा शब्द आहे. एका रांगेतले किल्ले सलग तीन-चार दिवसांत, पाठीवर बिऱ्हाड घेऊन करायचे. वैनतेयसारख्या नाशिकच्या जुन्या गिरिभ्रमण संस्थांच्या पिढ्या अशा ट्रेकवर घडल्या. बागलाणचा रेंज ट्रेक त्यातला मातब्बर: मुल्हेर, मोरा, हरगड, मग साल्हेर-सालोटा, शेवटी समोरच्या रांगेतले मांगी-तुंगीचे जैन सुळके. चार दिवसांत राजधानी, रणभूमी आणि सिद्धक्षेत्र. मुल्हेर माचीवर सोमेश्वराचे देऊळ, साल्हेरच्या माथ्यावर परशुरामाच्या पादुका, मांगी-तुंगीला २०१६ मध्ये प्रतिष्ठापना झालेली ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती. मधे मोसम नदीचे खोरे, कांद्याच्या चाळी, डाळिंबाच्या बागा. एवढ्या थोड्या अंतरात इतके काळ आणि इतकी माणसे इंका वाटेवरही भेटत नाहीत, असे म्हणायला आम्ही कचरणार नाही.

यात खेळांना जागा आहे का? आहे, पण मोजून. नाशिकला सायकलचे वेड नवे नाही. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची 'रेस अक्रॉस अमेरिका' २०१५ मध्ये जोडीने पूर्ण करणारे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू नाशिकचेच. सटाणा-ताहाराबाद-मुल्हेर हा रस्ता सायकलीने केला तर गाड्यांचा धुरळा तरी वाघांबेपर्यंत पोचणार नाही. रॅपलिंग करायचे तर कोऱ्या कड्यावर करावे. खोदीव पायऱ्या, देवड्या, टाक्यांच्या आसपासच्या कातळात बोल्ट ठोकायला सक्त मनाई हवी. साल्हेर हे राज्य पुरातत्त्व विभागाचे संरक्षित स्मारक आहे, तेव्हा त्यासाठी नवा कायदा लागत नाही, लक्ष द्यायला माणूस लागतो. पाण्यातले खेळ हवेत तर मुल्हेरच्या वाटेवर मोसम नदीवरचे हरणबारी धरण आहे. ज्या चांदवड तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतो, तिथल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरला. त्याच्या जिल्ह्याने वल्हवण्याला परके मानू नये. मात्र हरणबारीचे पाणी मालेगावपर्यंतच्या शेताला आणि घशाला लागते. आवर्तन सुटले की पातळी उतरणार आणि तुमची नाव चिखलात बसणार. हे गावकऱ्यांना सांगावे लागत नाही. योजना आखणाऱ्यांना सांगावे लागते.

राज्य सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही प्रकारच्या उपक्रमांसाठी आयोजकांची नोंदणी, प्रशिक्षित माणसे, विमा, सुरक्षा साधने यांच्या अटी त्यात आहेत. चांगले धोरण आहे. पण ते आयोजकाकडे पाहते. वाटेकडे आणि वाटेवरच्या गावाकडे पाहत नाही. आयोजक नाशिक-पुणे-मुंबईचा, गाडी तिकडची, तंबू तिकडचा, शिधाही कित्येकदा तिकडून आणलेला. गावाच्या वाट्याला येतात ते फक्त कागदी प्लेटांचे ढीग. आणि कुणी घसरून पडला, आग्या मोहोळ उठले, धुक्यात कुणी चुकला, की रात्री दोर आणि बॅटऱ्या घेऊन सर्वांत आधी निघतात ती त्याच गावची पोरे. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांनी बचावकार्यासाठी समन्वय केंद्र उभारले आहे आणि त्याचे काम मोठे आहे. तरी कुठल्याही पथकाला पोचायला तास लागतात, गावाला मिनिटे. त्या मिनिटांचा मोबदला आजच्या व्यवस्थेत कुठेही लिहिलेला नाही.

म्हणून पहिली गरज गावचा वाटाड्या अनिवार्य करण्याची. इंका वाटेवर मार्गदर्शक सक्तीचा आहे तसा. त्याला प्रशिक्षण, विमा आणि दिवसाची ठरलेली मजुरी असावी. तंबूंऐवजी गावातल्या घरी मुक्काम, नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ. पावती ग्रामसभेच्या नावाने फाटावी. ती ठेकेदाराच्या यंत्रातून निघू लागली, की २०२४चे ते पायथ्याचे गाव इथेही उभे राहील. वाट दुरुस्त करायची तर दगडाला दगड बसवून, उताराचे पाणी बाजूला काढून करावी. त्यासाठी जुन्या पद्धतीचे गवंडी आणि बिनकामाचे महिने काढणारे मजूर याच तालुक्यात आहेत. रोजगार हमीच्या कामांत पाणंद रस्ता बसतो तर डोंगरवाटही बसवता येईल. सिमेंटच्या पायऱ्या आणि चकचकीत कठडे मात्र नकोत. त्यांनी किल्ल्याची बाग होते.

याला आक्षेप येणार आणि तो हलका नाही. महाराजांच्या किल्ल्यावर जायला परवाना? कुणाच्या बापाचा डोंगर आहे? आजवर कॉलेजातली पोरे शंभर-दोनशे रुपयांत, एसटीच्या टपावर सॅक टाकून बागलाण फिरून आली. कितीतरी इतिहासाचे अभ्यासक आणि गिर्यारोहक याच मोकळीकीतून घडले. पेरूची वाट आज सामान्य पेरूवासीयाला महाग वाटते, तसेच इथे झाले तर साल्हेर हा पैसेवाल्यांचा छंद होऊन बसेल. हा धोका खरा आहे. त्यावर उत्तर म्हणून शुल्क नगण्य ठेवता येईल, शाळा-महाविद्यालयांना माफ करता येईल, गुरे चारणारे, गवत कापणारे, देवाला जाणारे यांना कुठल्याही नोंदीतून पूर्ण वगळावे लागेल. डोंगऱ्यादेवाच्या रात्री तर पर्यटकांनीच वाटेवरून दूर राहिले पाहिजे. तो कुणासाठी मांडलेला कार्यक्रम नव्हे. एवढे करूनही थोडी मोकळीक जाईल, हे आम्हाला मान्य आहे. हरिहरच्या पायऱ्यांवर ती आताच गेली आहे, फक्त कुणी ठरवून घेतलेली नाही.

पेरूच्या फेब्रुवारीसारखा विश्रांतीचा महिना इथे कोणता, हाही वादाचा विषय होईल. आपला पर्यटक नेमका पावसात सुटतो. पहिल्या पावसात माती सुटी असते, शेवाळ धरलेले असते, वीज पडण्याचे दिवस ते, आणि गवताचा कोंब नुकता वर आलेला असतो. मृगापासून पुढचे चार-पाच आठवडे वाट बंद ठेवली तर धंदा बुडेल ही ओरड होईल. श्रावणापासून फुलांचे दिवस आहेतच की.

राहता राहिली संख्या. पेरूने पाचशे ठरवली, आपण किती ठरवायची? सल्लागार नेमला तर तो वहनक्षमतेचे सूत्र मांडेल, त्याचे काही बिघडत नाही. पण ज्यांनी हे किल्ले बांधले, त्यांनी हा हिशेब कातळात कोरून ठेवला आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर नदी नाही, विहीर नाही. आहेत ती खोदलेली टाकी आणि साल्हेरवरच्या गंगासागरासारखे तळे. पावसाचे चार महिने भरायचे आणि उरलेले आठ महिने पुरवायचे. वर शिबंदी किती ठेवायची, हे पाण्यावरून ठरे. आज प्रत्येक ट्रेकर त्याच पाण्यात भांडे बुडवतो, कुणी आंघोळही करतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तळाला हिरवा गाळ उरतो. बागलाणच्या वाटेवर दिवसाला किती माणसे सोडायची ते मार्चमध्ये वर जाऊन टाक्यांत काठी बुडवून ठरवता येईल. हाच आकडा गुरे वर नेणाऱ्या वाघांब्याच्या कुठल्याही गुराख्याला विचारला तर तो काठी न बुडवताही सांगेल. फक्त बैठक नाशिकच्या वातानुकूलित सभागृहात न घेता त्या खिंडीत घ्यावी लागेल, आणि तिथवर चढून जावे लागेल.